भिंतीचे सहा फोटो

“नुसत्या भिंतीचा फोटो?” दत्तोबांनी विचारलं. “म्हंजे समोर माणूस कुणी न्हाईच?”

“माणूस नकोच आहे,” मी म्हणालो. “माणूस आला की नजर माणसाकडे जाते. आपल्याला कोपरे बघायचेत.”

दत्तोबा चितारींनी शाळेच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. सुवर्णमहोत्सवासाठी तिला आदल्याच आठवड्यात चुना लावला होता आणि रविवारच्या उन्हात ती कोऱ्या कागदासारखी दिसत होती. एकतीस वर्षं करमाळ्यात माणसांचे फोटो काढणाऱ्या माणसाला कुणीतरी भिंतीचा फोटो काढायला सांगत होतं. ते हसले. मला नाही, स्वतःशीच हसले, आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याचं वरचं झाकण त्यांनी अंगठ्यानं उघडलं.

ही १९८६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो, शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि स्वतःला फार मोठा फोटोग्राफर समजत होतो. माझ्याकडे भिंग बदलता येणारा कॅमेरा होता, तीन भिंगं होती आणि पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेली इंग्रजी मासिकं होती. फोटो मी फारसे काढत नसे, तपासण्या करत असे. कुठलं भिंग किती धारदार, कुठल्याच्या कोपऱ्यात किती अंधार, हे सगळं वहीत लिहायचं आणि स्टाफरूममध्ये कुणी ऐकणारा तावडीत सापडला की त्याला सोडायचं नाही, असा माझा खाक्या होता.

दत्तोबांचं नेमकं उलट. त्यांच्याकडे एकच कॅमेरा होता, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. वरच्या डोळ्यानं बघायचं, खालच्यानं फोटो निघायचा. त्याच्या कडेचं काळं चामडं त्यांच्या बोटांखाली झिजून गुळगुळीत झालं होतं. सकाळच्या थंडीत त्याचं शटर जरा सुस्त चालतं, दुपारी सुधारतं, हे त्यांना आपल्या गुडघ्याच्या दुखण्याइतकं पाठ होतं. उजेड मोजायचं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. आकाशाकडे बघायचे, एकदा हाताच्या तळव्याकडे बघायचे आणि चकत्या फिरवायचे. शाळेची प्रत्येक दहावीची तुकडी, प्रत्येक स्नेहसंमेलन, निवृत्त झालेला प्रत्येक शिक्षक त्या एका कॅमेऱ्यातून गेला होता. बाजारपेठेतल्या त्यांच्या स्टुडिओवर पाटी होती, पण लोक त्यांना ‘शाळेचा फोटोवाला’ म्हणूनच ओळखत.

त्या ओळखीवरच आता घाला आला होता. संस्थेचे सेक्रेटरी जगदाळे आप्पा यांना महोत्सवाचे फोटो रंगीत आणि झकास हवे होते. दत्तोबांचा ‘जुनाट डबा’ त्यांच्या डोळ्यांत सलत होता. पण एकतीस वर्षांच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. “औटी सर, तुम्ही विज्ञानाचे. कॅमेऱ्याची शास्त्रशुद्ध तपासणी करा. चांगला निघाला तर काम त्यांचंच. नाही निघाला तर नवा घ्यायला सांगू, नाहीतर बार्शीहून माणूस आणू,” असं म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत माझ्या तपासणीची गरज पहिल्यांदाच कुणाला तरी पडली होती.

दत्तोबांनी बिलकूल कुरकुर केली नाही. आपण डॉक्टरकडं जातोच की, त्याला पण दाखवू, एवढंच ते म्हणाले.

तपासणी अशी असते. भिंगाचं तोंड सताड उघडं असलं की मध्ये भरपूर उजेड पडतो आणि कोपऱ्यांत कमी पोचतो. तोंड लहान लहान करत गेलं की कोपरे उजळत जातात. थोडा अंधार कुठल्याही भिंगात असतो, तो किती आहे आणि कधी जातो ते बघायचं. त्यासाठी एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत लागते, म्हणजे अंधार दिसला तर तो भिंतीचा नाही, भिंगाचा, हे सिद्ध होतं. आम्ही भिंगाचं तोंड उघडं ठेवण्यापासून ते बारीक करण्यापर्यंत सहा फोटो काढायचं ठरवलं.

ऊन डावीकडून तिरपं येत होतं आणि भिंगाच्या काचेवर पडत होतं. मी पिशवीतून माझी डबी काढली. बूटपॉलिशच्या मोठ्या डबीचा तळ कापून, आतून काळा रंग देऊन मी ती भिंगाच्या टोपीसारखी केली होती, उन्हाची तिरीप अडवायला. माझ्या लांब भिंगावर ती फक्कड बसायची. दत्तोबांच्या खालच्या भिंगावर मी ती रबर लावून घट्ट बसवली.

“हे टोपण कशाला, सर?” ते म्हणाले. “मी आपला हाताची सावली धरतो.”

“शास्त्रात हाताची सावली चालत नाही, दत्तोबा,” मी म्हणालो.

सहा फोटो निघाले. प्रत्येक फोटोनंतर ते माझ्याकडे बघायचे आणि मी वहीत आकडा लिहायचो.

सोमवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मी फिल्म धुतली आणि मंगळवारी फोटो छापले. पहिल्याच फोटोत चारी कोपरे काळवंडलेले होते. दुसऱ्यात तसेच. सहाव्यात, जिथे भिंगाचं तोंड सगळ्यात बारीक होतं, तिथे तर कोपरे ठार काळे होते आणि त्यांची कड सुरीनं कापल्यासारखी. माझी छाती आनंदानं भरून आली, हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं. इतका ठळक निकाल माझ्या कुठल्याच तपासणीत कधी आला नव्हता.

बुधवारी आप्पांच्या टेबलावर मी ते सहा फोटो ओळीनं मांडले. आप्पांनी दत्तोबांना निरोप धाडला. ते आले, उभ्या उभ्याच वाकून बघू लागले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“एवढं काळं,” ते म्हणाले. “मला कधी दिसलं न्हाई वो.”

मी त्यांना वर्गात सांगतात तसं सांगितलं. तुम्ही बघता वरच्या डोळ्यानं, फोटो काढतो खालचा, मग खालच्याची खोड तुम्हाला दिसणार कशी. आजवरच्या फोटोंत ती आली नाही, कारण तुमची फिल्म चौकोनी आणि गटाचा फोटो आडवा. वरची-खालची पट्टी तुम्ही छापताना कापून टाकता आणि कोपरे तिच्याबरोबर जातात. हे सगळं खरं होतं, एक गोष्ट सोडून. त्यांनी मान डोलावली. सहावा फोटो त्यांनी हातात घेतला आणि त्याच्या काळ्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, पुसून बघावं तसा.

“म्हातारा झाला असंल,” ते म्हणाले. “मी तरी कुठं तरणा ऱ्हायलोय.”

आप्पा मोकळे झाले. नवा कॅमेरा घेतलात तर काम तुमचंच, असं त्यांनी दत्तोबांना सांगितलं. आणि तिथल्या तिथे मला महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायला सांगितलं, ‘कॅमेऱ्याची शास्त्रीय तपासणी’, सोबत हेच सहा फोटो. तो मी एका बैठकीत लिहून गुरुवारी छापखान्यात दिला.

शुक्रवारी मोकळ्या तासाला वहीत पक्की नोंद करताना माझा हात थांबला. भिंगाचं तोंड लहान केलं की कोपरे उजळतात. दत्तोबांचे काळे होत गेले होते. असं भिंगाकडून होऊच शकत नाही. असं तेव्हाच होतं, जेव्हा भिंगाच्या पुढे काहीतरी आडवं आलेलं असतं. मी कपाटातून पॉलिशची डबी काढली, माझ्या कॅमेऱ्याला नेहमीचं आखूड भिंग लावलं, त्यावर डबी बसवली आणि खिडकीकडे धरून आत पाहिलं. तोंड लहान केलं तसे चारी कोपऱ्यांत चार काळे डाग उतरले, कड सुरीनं कापल्यासारखी. ती डबी लांब भिंगासाठी बेतलेली होती. दत्तोबांच्या भिंगाला ती खोल पडत होती. दत्तोबांच्या कॅमेऱ्यात काहीएक दोष नव्हता.

मी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही. त्या खोलीत कुणी येत नसे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी दत्तोबांकडे निघालो ते सांगायचं ठरवूनच. आजही शपथेवर सांगेन, की बाजारपेठेपर्यंत माझा विचार पक्का होता. स्टुडिओत शिरलो तर ते काउंटरवर एक पुस्तिका उघडून बसले होते आणि तिच्याशेजारी मखमली कापडावर नवाकोरा कॅमेरा होता, माझ्या कॅमेऱ्यासारखाच, छोट्या फिल्मचा. त्यांची बायको, गोदाकाकू, स्टुलावर बसून पुस्तिकेतली चित्रं त्यांच्याबरोबर बघत होत्या.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “हे विंग्रजी वाचून द्या बरं.”

आदल्याच दिवशी ते सोलापूरला जाऊन आले होते. एका दुकानदाराने जुना कॅमेरा बदल्यात घेतला होता आणि वरची रक्कम गोदाकाकूंच्या पाटल्यांतून उभी राहिली होती. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. महोत्सवाचं काम आपल्याकडे राहिलं, या समाधानात सांगितलं. दुकानदारानं जुना कॅमेरा काचेच्या कपाटात मांडून ठेवलाय, असंही ते म्हणाले. कुणी हौशी माणूस घेईल म्हणाला.

म्हणजे तो अजून तिथेच होता. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर रविवारच्या गाडीनं जाऊन, गयावया करून, माझ्या पदरचे घालून तो परत आणता आला असता. महोत्सवाला आठ दिवस होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर आप्पांना सांगावं लागलं असतं, छापखान्यातून लेख मागं घ्यावा लागला असता, आणि स्टाफरूममध्ये ज्यांना मी पकडून पकडून ऐकवलं होतं ते सगळे मला पकडून पकडून ऐकवणार होते. मी दुसऱ्या स्टुलावर बसलो आणि पुस्तिका जवळ ओढली.

दीड तास मी त्यांना नवा कॅमेरा शिकवला. शिकवला मात्र जीव ओतून. तेवढ्यानं फिटंफाट होईल असं कुठेतरी वाटत असावं. फिल्म कशी घालायची, वरचा काटा कसा बघायचा. शेवटी सांगितलं, “छत्तीस फोटो संपले की मागचं दार उघडायचं नाही. आधी खालचं बटण दाबायचं, ही दांडी फिरवून सगळी फिल्म परत डबीत गुंडाळायची, मग उघडायचं.”

त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात हे नव्हतं. तिथे फिल्म एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जायची, तिच्यामागे काळा कागद असायचा. संपली की दार उघडायचं, रीळ काढायचं आणि कागदाच्या टोकाचा डिंक जिभेनं ओला करून चिकटवून टाकायचं.

“ते ठाव हाय मला,” ते म्हणाले. “छोट्या फिल्मा धुतल्यात की मी लोकांच्या. डोक्याला ठाव हाय. हाताला तेवढं सांगावं लागंल.”

त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं. गोदाकाकूंनी मला बळेच लाडू खायला लावला.

महोत्सवाचा दिवस उत्तम उजाडला. पटांगणात मांडव, गावातले झाडून सगळे. पण त्या दिवसाचं खरं अप्रूप होतं ते पहिल्या तुकडीचं. १९३६ साली शाळा धर्मशाळेच्या पडवीत भरली तेव्हाचे सहा विद्यार्थी अजून हयात होते आणि आप्पांनी त्यांना कुठून कुठून शोधून आणलं होतं. पाच म्हातारे आणि एक अनसूयाबाई, त्या वर्गातली एकुलती एक मुलगी. त्या जामखेडहून जीपमध्ये गादी घालून आल्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं, पण शेजारी बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा त्या हातानं चाचपून नाव ओळखत होत्या आणि म्हातारे लहान मुलांसारखे खिदळत होते. सहा जण पन्नास वर्षांनी एका बाकावर बसले होते आणि ते पुन्हा बसणार नव्हते, हे सगळ्यांना कळत होतं.

दत्तोबांनी त्यांचे फोटो शेवटी काढले. मी बाजूला उभा होतो. नवा कॅमेरा डोळ्याला लावून बघायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मान अवघडल्यासारखी दिसत होती. दर फोटोआधी त्यांचा हात पोटाशी जायचा आणि परत वर यायचा. पण त्यांनी नेटानं काढले. पाहुण्यांबरोबर काढले, एकट्या सहा जणांचे काढले, अनसूयाबाई शेजाऱ्याच्या गालावर हात ठेवून हसतायत असा एक काढला. मग टाळ्या झाल्या, लोक जेवणाकडे वळले, जीप अनसूयाबाईंना घेऊन गेली.

दत्तोबा कडुनिंबाखाली गेले. उन्हाकडे पाठ करून, कॅमेरा पोटाशी घेऊन ते वाकले. एकतीस वर्षं ते फिल्म संपल्यावर त्याच झाडाखाली, तशीच पाठ करून उभे राहत आले होते. मी पाच-सहा पावलांवर होतो. मला त्यांचं कोपर हललेलं दिसलं आणि दार उघडल्याचा खट असा आवाज आला. मग त्यांनी डिंक ओला करायला जीभ बाहेर काढली.

चिकटवायला तिथे कागद नव्हता. उघड्या दारात फिल्म उजेडात लखलखत होती.

त्यांनी दार लोटलं. कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“सर,” ते म्हणाले, “गुंडाळायचं ऱ्हायलं.”

मी धावलो. आतले काही वाचतील, असं मी म्हणत राहिलो, आणि वाचलेही. मुख्य दारावरचं तोरण वाचलं, रांगोळी वाचली, दीपप्रज्वलनाचा एक फोटो अर्धा वाचला. शेवटी काढलेले सगळ्यात बाहेरच्या वेढ्यांत होते. पहिल्या तुकडीचा एकही फोटो आला नाही. अनसूयाबाई त्यानंतर महिनाभरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आप्पांनी दत्तोबांना उभं करून सुनावलं. पंधरा-वीस शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, मी होतो. आप्पांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“औटी सरांनी आधीच सांगितलं होतं, कॅमेरा म्हातारा झालाय म्हणून,” ते म्हणाले. “त्याच्यामागचा माणूस पण झालाय, हे आम्हाला कळायला पाहिजे होतं.”

कुणीतरी हसलं. दत्तोबा म्हणाले, चूक माझीच हाय. कॅमेऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, माझंही नाही. ते गेल्यावर शाळेचं काम यापुढे बार्शीच्या स्टुडिओला द्यायचं ठरलं. त्या ठरावावर हजर शिक्षकांच्या सह्या घेतल्या. माझी सही त्यात आहे.

त्यानंतरचे तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. स्मरणिका छापून आली होती. लोक माझा लेख वाचून मला रस्त्यात थांबवत होते. आधी तपासणी झाली होती म्हणून बरं, नाहीतर फोटोवाल्याची चूक जुन्या कॅमेऱ्याच्या माथी गेली असती, असं एका पालकानं मला सांगितलं. चौथ्या दिवशी शाळेत न जाता मी पॉलिशची डबी आणि ते सहा फोटो घेऊन दत्तोबांच्या स्टुडिओत गेलो.

ते एका पोराचे परीक्षेच्या फॉर्मचे फोटो कापत होते. मी पोरगा जाईपर्यंत थांबलो. मग डबी काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगितलं. डबी लांब भिंगाची कशी, तुमच्या भिंगाला खोल कशी पडली, कोपरे तिनं कसे खाल्ले. तुमच्या कॅमेऱ्यात दोष नव्हता, दोष माझ्या तपासणीत होता. मी एकही शब्द गाळला नाही.

दत्तोबांनी डबी उचलली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून दाराबाहेर पाहिलं. मग सहावा फोटो घेतला. त्यांना कळायला मला लागला होता त्याच्या दशांशही वेळ लागला नाही.

“अगं,” त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, “ऐकलंस का. त्याच्यात खोट नव्हती.”

गोदाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “कुणात?”

“आपल्या कॅमेऱ्यात. हे सर सांगतायत. टोपणाची सावली पडली व्हती. त्याच्यात काय बी खोट नव्हती.”

त्यांचा चेहरा फुलला होता. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो, आणि तो माणूस, जो कॅमेरा आता त्याच्या घरात नव्हता त्याच्यासाठी, खूश झाला होता. मी म्हणालो, सोलापूरला आपण जाऊ, मी परत मिळवून देतो. ते म्हणाले, मागच्या मंगळवारीच गेला तो. हैदराबादच्या कुणी नेला. मीच चौकशी केली व्हती, आपली सहज.

मागचा मंगळवार म्हणजे मी लाडू खाल्ला त्या शनिवारनंतरचा तिसरा दिवस. मी मनात दिवस मोजले.

गोदाकाकू चहा ठेवायला आत गेल्या. दत्तोबांनी डबी माझ्याकडे सरकवली.

“आणि कळलं कधी तुमाला, सर?” त्यांनी विचारलं.

त्यात संशय नव्हता. गप्पा मारताना विचारतात तसं त्यांनी विचारलं होतं. आणि मी तिथे सगळं खरं सांगायला म्हणूनच आलो होतो.

“आज,” मी म्हणालो. “आज सकाळीच.”

“आन् तसेच आलात? शाळा बुडवून?”

मी मान हलवली.

त्यांनी काउंटरवरून हात पुढं करून माझा हात धरला. “मग कशाला जिवाला लावून घेता? चुकलं ते चुकलं. तुमचं टोपण ध्यानात यायचं ऱ्हायलं, माझं गुंडाळायचं ऱ्हायलं. दोघांचं बी सारखंच.”

चहा आला. मी तो प्यालो.

तिथून पुढं शाळेचं काम दत्तोबांना कधी मिळालं नाही. मी आप्पांना तपासणीत चूक झाल्याचं सांगितलं, पण तोपर्यंत कॅमेऱ्याचा प्रश्न उरलाच नव्हता. फिल्म तर दत्तोबांनीच उजेडात उघडली होती. ते फॉर्मचे फोटो काढत राहिले, पण बाहेरचं काम त्यांनी सोडलं. ते नव्या कॅमेऱ्यावर पडदा टाकून ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की काढायचे. मी महिन्यातून एकदा तरी स्टुडिओत जायचो. ते मला आग्रहानं बसवून घ्यायचे आणि आलेल्या माणसाला माझी ओळख करून द्यायचे. चूक कबूल करायला आपणहून दारात आलेले सर, अशी ती ओळख असायची हे माझ्या फार दिवसांनी लक्षात आलं, आणि तोपर्यंत सगळ्या पेठेला ठाऊक झालं होतं.

सहा वर्षांनी माझी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक बोलले, आप्पा बोलले, मग सूत्रसंचालकानं विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. तिसऱ्या रांगेतून दत्तोबा उठले. शाळेत ते ऑफिसातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच येत होते, खास माझ्यासाठी. माइक त्यांनी हातात घेतला नाही, मोठ्यानं बोलले.

“ह्या मानसाकडनं एक चूक झाली व्हती,” ते म्हणाले. “कळली त्याच दिवशी, शाळा बुडवून, माज्या दारात आला आणि बोलला. तासभर पन दडवलं न्हाई. त्याला कोन विचारनार व्हतं? तरी आला. पोरांनो, असा मास्तर तुमाला गावला.”

टाळ्या वाजल्या. आप्पाही वाजवत होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझी मान खाली गेली होती. मागून कुणी तरी म्हणालं, बघा, केवढा संकोच वाटतोय त्यांना. मग उत्तराच्या भाषणासाठी माझं नाव पुकारलं. मी उठलो, माइकपुढे उभा राहिलो. दत्तोबा तिसऱ्या रांगेत हात जोडून बसले होते. सत्य बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते ऐकायला तो माणूस तिथे जिवंत होता.

मी म्हणालो, “दत्तोबांचं मन मोठं आहे,” आणि मग संस्थेचे आभार मानले.